लाखात तीन

सत्तेचाळिसाव्या मेलला अंपायरनं बोट वर केलं तेव्हा तिचा हात माऊसवर होता, आणि तो तसाच राहिला. बोट वर म्हणजे आउट, आउट म्हणजे स्पॅम. शेजारच्या खुर्चीवरचा हा सहकारी गेली चार वर्षं असंच करत आला होता, म्हणून सगळे त्याला अंपायर म्हणत आणि त्यालाही ते आवडे. एरवी त्याचं बोट वर गेलं की पडद्यावरून नजर न काढता ती 'हं' म्हणायची आणि पुढची मेल उघडायची. मत जुळलं तर मेलमागे पाच सेकंद, नाही जुळलं तर अर्धं मिनिट. आज तिनं 'हं' म्हटलं नाही. ती मेल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

"आउट," तो पुन्हा म्हणाला. "सरळ सरळ आउट. अनोळखी पत्ता, दवाखाना, लगेच ये, वर फाईल चिकटवलेली. आणि हे मोजपट्टी प्रकरण काय आहे? टोळीतला कोड असणार."

त्या खोलीला खिडकी नव्हती. दर मंगळवारी सकाळी दहा ते एक दोघं दोघं मिळून तिथे वाचायला बसत. फोन बाहेर खणात ठेवून यायचं, चहा आत आणायचा नाही. वाचायचं ते फिल्टरनं स्पॅम म्हणून बाजूला काढलेल्या मेल, आणि शोधायचं एवढंच, की त्यात चुकून गेलेली खरी किती. खरी सापडली की ती का गेली ते बघायचं, फिल्टरचा तो नियम थोडा सैल करायचा, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा मोजायचं. परक्या लोकांच्या मेल वाचता येत नाहीत, म्हणून हा साठा कंपनीतल्याच लोकांनी सही करून दिलेल्या त्यांच्या स्वतःच्या मेलचा होता. अडीच वर्षांपूर्वी सही करणाऱ्यांत ती पहिली होती. कुणाचं काय ते कुणाला कळू नये म्हणून एक प्रोग्रॅम आधी सगळी नावं, गावं आणि नंबर पुसून तिथे काळे चौकोन टाकत असे. व्यवस्था चोख होती. ती व्यवस्था लिहून काढणाऱ्या तिघांत ती एक होती.

पडद्यावर लिहिलं होतं:

"अगं फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे.. तूच म्हणाली होतीस लिहून पाठव.. आईला परवा ■■■ मध्ये ठेवलंय.. डॉक्टर ■■■ म्हणतात दोन तीन दिवस.. शुद्धीवर आहे पण मधूनच जाते.. सारखी विचारते मोजपट्टी आली का.. मी सांगते निघाली आहे.. मी खोटं सांगते आहे ते तू खरं कर.. लगेच ये.. रिपोर्ट जोडलाय तो तुझ्या ओळखीच्या कुणाला तरी दाखव.. आपलं भांडण नंतर करू ते काही पळून जात नाही.. ■■■"

प्रोग्रॅमनं नावं बरोबर पुसली होती. दवाखान्याचं पुसलं होतं, डॉक्टरचं पुसलं होतं, खाली ताईनं घातलं असेल ते तिचंही पुसलं होतं. मोजपट्टी तेवढी राहिली होती, कारण ती नावांच्या कुठल्याच कोशात नव्हती. घरात तिला हे नाव पडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. आईच्या शिवणाच्या डब्यातली पिवळी टेप गळ्यात घालून ती घरभर हिंडे आणि दाराची उंची, मामांचं पोट, ताईची वेणी, जे हाताला लागेल ते मोजून भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवी. ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. वेणी मोजताना ती हलायची नाही, डोळे मिटून उभी राहायची आणि विचारायची, "वाढली का गं?" रोज काय वाढणार? पण धाकटी रोज अर्धा सेंटिमीटर वाढवून सांगत असे. आयुष्यात मोजमापात केलेली तेवढीच एक फसवणूक, असं ती पुढे कॉलेजात मैत्रिणींना हसत सांगायची. ताईला तेव्हाही ते माहीत असणार. तरी ती रोज उभी राहायची.

"काय गं, झोपलीस?" अंपायर म्हणाला.

"खरी आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"वाचल्यावर कळतं."

"वाचल्यावर मला तर नाटक वाटतं. 'खोटं सांगते आहे ते तू खरं कर.' ही भाषा आहे का दवाखान्यात बसलेल्या माणसाची?" मग त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि मेलच्या डोक्यावरची बारीक अक्षरांतली ओळ उघडली. ती ओळ सहसा कुणी उघडत नाही. त्यात फिल्टरनं दिलेले गुण असतात. पाचाच्या वर गेली की मेल स्पॅममध्ये. "हे बघ. कॉन्टॅक्टमध्ये नाव नाही, दोन. तातडी, अडीच. फाईल, दीड. दवाखाना, एक. सुरुवातीला नाव घेऊन हाक नाही, शून्य पूर्णांक सहा. एकूण सात पूर्णांक सहा. आणि हे तर सगळ्यात भारी. 'कॉन्टॅक्ट: होते, काढले.' काढलेलं आहे नाव, बाई! म्हणजे ज्याची मेल आहे त्यानंच या माणसाला आपल्या हातानं बाहेर काढलंय. आपण कोण ठरवणार खरी का खोटी? ज्याला नको त्याच्यासाठी स्पॅम. व्याख्याच ती आहे. तूच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलीस."

शिकवली होती. फळ्यावर लिहून शिकवली होती. स्पॅम म्हणजे खोटी मेल नव्हे, वाईट मेल नव्हे, स्पॅम म्हणजे घेणाऱ्याला नको असलेली मेल. आणि तातडीचे अडीच गुण हेही तिचंच काम. त्या वर्षी 'तुमचा नातेवाईक दवाखान्यात आहे, फाईल उघडा' अशा फसव्या मेलचा सुळसुळाट झाला होता. तिनं तीन महिने त्यांचा अभ्यास करून हा नियम बसवला, आणि मेल थांबल्या. टाळ्या झाल्या. नियम उलटून खऱ्या माणसांना लागू नये म्हणून तिनंच त्यावर उतारा ठेवला होता: पाठवणाऱ्याचं नाव कॉन्टॅक्टमध्ये असेल तर उणे सात, आणि अनोळखीपणाचे दोनही माफ. ओळखीच्या माणसानं काहीही लिहावं, कसंही लिहावं, आत यावं. तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. तिच्याकडून ती आपोआप होते. सात पूर्णांक सहातून दोन गेले, पाच पूर्णांक सहा. त्यातून सात गेले. उणे एक पूर्णांक चार. मेल नुसती आत आली नसती, सगळ्यात वर आली असती.

नाव काढलं तो दिवस तिला आठवत नव्हता, आणि तेच तिला विचित्र वाटलं. भांडण अक्षर न् अक्षर आठवत होतं. आई ताईकडे राहायची. ही वर्षातून दोनदा जायची, चार दिवस राहायची. त्या खेपेला तिनं आईच्या गोळ्यांची पाकिटं मोजली आणि हिशेबापेक्षा सतरा गोळ्या जास्त निघाल्या. सतरा वेळा गोळी चुकली होती. परत आल्यावर तिनं एक तक्ता केला. वार, वेळ, गोळी. चुकलेल्या जागा लाल. तो ताईला पाठवला. तिला खरंच वाटत होतं की तक्ता उपयोगी पडेल. संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई फोनवर बोलायची नाही, फोनवर कोसळायची. "मी तिला उचलते, धुते, भरवते, आणि तू लाल शाई पाठवतेस? तुला नुसतं मोजता येतं गं. ये आणि कर. महिनाभर ये." ती म्हणाली होती, "ताई, रडू नकोस. रडण्यात मुद्दा हरवतो. यापुढे फोन नको, काय असेल ते लिहून पाठव." आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचा तिला आतून अभिमान वाटला होता, हेही आठवत होतं. मग कधीतरी, त्याच आठवड्यात असेल, बसमध्ये असेल किंवा दात घासताना, अंगठ्यानं तिनं ते नाव काढलं असणार. फोनची आणि मेलची यादी एकच होती. नाव काढलं, नंबर ब्लॉक केला. किती वेळ लागतो? दोन सेकंद. 'खात्री आहे का?' असं फोन विचारतो. तिनं 'होय' म्हटलं असणार.

मेल मंगळवारची होती. तारखेवर चौकोन नव्हता. त्या मंगळवारी, बुधवारी काय होतं ते तिनं डोळे मिटून काढायचा प्रयत्न केला. तेव्हाही ती याच खोलीत असणार, याच खुर्चीवर. बुधवारी दोनदा एका अनोळखी लँडलाईनवरून फोन आला होता आणि तिनं कापला होता. अनोळखी नंबर उचलायचे नाहीत ही तिची शिस्त होती. ऑफिसात नव्यानं येणाऱ्यांना ती हेही शिकवत असे. शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांचं नाव यादीत होतं, म्हणून तिनं उचलला. काकू म्हणाल्या, "अगं, तू आहेस कुठे? गेली की आई." ती पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. खोलीतली गादी गुंडाळून उभी केली होती, आणि तिच्या जागी जमिनीवर एक फिकट चौकोन होता. तिनं तो नजरेनं मोजला. सहा बाय तीन.

चौथ्या दिवशी सगळे बसले होते. मामा, मावशी, काकू, ताईचा नवरा. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मला का नाही कळवलं?" ताईचे डोळे तेव्हा कोरडे होते. नको तेव्हा रडणारी बाई, आणि तेव्हाच नाही रडली. म्हणाली, "मेल केली होती. तूच म्हणालीस लिहून पाठव." ती म्हणाली, "नाही आली." "केली होती." "ताई, माझ्याकडे काहीही आलेलं नाही. दाखवू का?" आणि तिनं फोन काढून मामांच्या हातात दिला. मामा बिचारे, चष्मा नव्हता, फोन लांब धरून वर-खाली करत राहिले आणि म्हणाले, "नाही दिसत बुवा." ताई म्हणाली, "त्या स्पॅममध्ये बघ ना. माझ्याही कधीकधी तिथे जातात." आणि ते ऐकून ती हसली होती. आई जाऊन चार दिवस झालेल्या घरात ती हसली. "ताई, मी पोटासाठी हेच काम करते. आमच्याकडून खरी मेल स्पॅममध्ये जायचं प्रमाण किती आहे माहीत आहे? लाखात तीन. तुझी नेमकी त्या तीनांतली?" मग जरा थांबून, मामांकडे बघत, "पाठवली नसेल तर नाही म्हण. मला खोटं चालत नाही." ताई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. स्पॅम तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, साठ्यात तेवढी प्रत उरते. त्या वेळी, चौथ्या दिवशी, मामांच्या हातातल्या त्या फोनमध्ये, मामांच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर ती मेल होती.

लाखात तीन हा आकडा मात्र खरा होता. तिनं स्वतः मोजला होता. आणि आता या खोलीत बसून तिला कळत होतं की ताईची मेल त्या तीनांतलीही नव्हती. त्या तीन फिल्टरच्या चुका. इथे फिल्टर चुकला नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.

दोघांचं जुळलं नाही म्हणून बाईंना बोलवावं लागलं. बाई विभागाच्या मुख्य, उंच, कायम घाईत, उभ्या उभ्याच वाचायच्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा केसांत सरकवला. "अंपायरचं म्हणणं मला कळलं. नाव काढलेलं आहे. तुझं म्हणणं काय?"

"ही बहिणीनं बहिणीला लिहिलेली आहे."

"असेल. पण जी बहीण बहिणीचं नाव काढून टाकते, तिला ही मेल हवी होती असं मी फिल्टरला कशी शिकवू?"

"नाव रागानं काढलं असेल. राग म्हणजे नको असणं नव्हे."

"मग फिल्टरमध्ये राग मोजायचं काहीतरी बसव," अंपायर म्हणाला. "म्हणजे आपण सगळेच सुट्टीवर."

बाई हसल्या. तीही हसली, तोंडानं. अंपायरला आता गंमत येऊ लागली होती. "पण मला सांगा, कसलं माणूस असेल हे? आई मरायला टेकलीय आणि ही पठ्ठी बहिणीला ब्लॉक करून बसलीय. आपल्याच मजल्यावर असेल हो! रोज आपल्याबरोबर जेवत असेल."

तिला फक्त तीन शब्द बोलायचे होते. माझी आहे मेल. नियम तसाच होता, तिनंच लिहिलेला: आपली मेल ओळखली तर सांगावं, ती साठ्यातून काढून ज्याची त्याला परत दिली जाते. चौकोन उघडून, सगळी नावं जागच्या जागी ठेवून, रिपोर्टसकट परत. त्यासाठी फक्त आपली म्हणावी लागते. तिनं तोंड उघडलंही. अंपायर तिच्याकडे बघत होता, त्याच्या दातात सकाळच्या नाश्त्याची काहीतरी हिरवी पात अडकली होती, आणि तिला वाटलं, हा उद्यापासून माझ्याशी फार चांगलं वागेल. डबा उघडताना आवाज हळू करेल. ते तिला सोसलं नसतं.

"वादात टाका," ती म्हणाली.

"ठीक," बाई म्हणाल्या. "वादात."

वादातल्या मेल पाच वाजता पुसल्या जातात. त्यांच्यापासून फिल्टरनं काही शिकू नये, म्हणून. हाही नियम. एक वाजता अंपायर जेवायला गेला तेव्हा ती 'आलेच' म्हणून मागे राहिली. फोन बाहेर खणात होता. तिनं वाचनाच्या यादीचा पाठकोरा कागद घेतला आणि मेल हातानं उतरवून काढली. दोन दोन टिंबं तशीच ठेवली. चौकोनांच्या जागी आधी तिनंही चौकोन काढले, मग त्यांत दवाखान्याचं नाव लिहिलं, डॉक्टरचं लिहिलं, खाली ताईचं लिहिलं. लिहिता लिहिता लक्षात आलं की हा कागद कुणाला दाखवून उपयोग नाही. मामांना दाखवला तर ते म्हणतील, अक्षर तर तुझंच आहे. पुराव्याच्या दृष्टीनं त्याची किंमत शून्य. तरी तिनं तो चार घड्या करून चष्म्याच्या डब्यात ठेवला. पाच वाजता सत्तेचाळिसावी ओळ पडद्यावरून गेली आणि अठ्ठेचाळिसावी तिच्या जागी सरकली.

शनिवारी सकाळी तिनं फोन केला. नंबर पाठ होता. नाव काढलं तरी बोटं विसरली नव्हती. बराच वेळ वाजला.

"हॅलो, कोण?"

ताईनं टोमणा मारला असं तिला वाटलं. "ताई, मी."

पलीकडे कुकरची शिटी झाली. ताईनं गॅस बारीक केला असावा. "बोल."

"ताई, तुझी ती मेल... आईच्या वेळची. तू पाठवली होतीस."

"मी पाठवली होती ते मला माहीत आहे. तू मला काय सांगतेस?"

"मला आता मिळाली. म्हणजे, ती स्पॅममध्ये..." आणि तिला रडू फुटलं. तिच्या ध्यानीमनी नव्हतं. शब्द एकमेकांवर चढले, 'नाव' आणि 'उणे सात' आणि 'मामांच्या हातात' असं काहीतरी ती बोलत राहिली.

ताईनं ऐकून घेतलं. अगदी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये बोलली नाही. मग थकलेल्या, सरळ आवाजात म्हणाली, "हे बघ, मला यातलं काही कळलं नाही. काय असेल ते लिहून पाठव," आणि फोन ठेवला.

तिनं लिहिलं. शनिवार गेला, रविवार दुपारपर्यंत लिहिलं. ती आयुष्यात कधी लांब लिहीत नसे. अहवालसुद्धा दीड पान. हे पाच पानं झालं. तक्त्यापासून सुरुवात केली, सतरा गोळ्या, लाल शाई. नाव कसं काढलं ते लिहिलं. मामांच्या हातातला फोन लिहिला. 'तू खोटं बोललीस असं मी सगळ्यांसमोर म्हणाले, ते मी सगळ्यांसमोर परत घेते' असं लिहिलं. वेणीचा अर्धा सेंटिमीटर लिहिला. शेवटी, 'लगेच उत्तर दे ताई, नुसतं हो किंवा नाही म्हण, पण दे.' चष्म्याच्या डब्यातल्या कागदाचा फोटो काढून जोडला. आणि पाठवायच्या आधी सवयीनं, केवळ सवयीनं, तिनं ती तपासणीच्या प्रोग्रॅममधून काढली. कामावरचाच प्रोग्रॅम, मेल टाकली की किती गुण पडतील ते सांगतो. ताईची मेलही त्यांच्याच कंपनीच्या फिल्टरमधून जायची. फिल्टर सगळीकडे तोच.

आठ पूर्णांक एक.

तिनं फोटो काढला. सहा पूर्णांक सहा. 'दवाखाना' हा शब्द सात वेळा होता, सातही काढले. माफी हा शब्द चार वेळा होता. फसव्या मेल लिहिणारे लोक फार माफी मागतात, त्याचे गुण पडतात, तीन काढले, मग चौथाही. पाच पूर्णांक एक. मग 'लगेच' काढलं, 'उत्तर दे' काढलं. वाक्यं काढली की शेजारची वाक्यं एकटी पडत, मग तीही काढावी लागत. अर्ध्या तासानं पडद्यावर एवढंच उरलं: 'तुझी मेल मिळाली. उशीर झाला.' दोन पूर्णांक सहा. ही नक्की पोचली असती. ती वाचून तिला वाटलं, अशी मेल वीज कंपनीही पाठवते.

तिनं सगळं परत घातलं. लगेच, दवाखाना, माफी, फोटो. आठ पूर्णांक एक. खाली प्रोग्रॅम एक प्रश्न विचारत होता, तो नेहमीच विचारतो: 'पाठवणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे?' होय, नाही, माहीत नाही. तिसरा पर्याय तिनंच घालायला लावला होता. तपासणाऱ्यांनी अंदाजानं 'होय' म्हणू नये म्हणून. तिनं एकदा 'होय' करून बघितलं. उणे शून्य पूर्णांक नऊ. पाचही पानं, रडण्यासकट, आत. एवढंच लागत होतं, ताईनं दोन वर्षांत कधी तिच्यासारखं दोन सेकंदांत नाव काढलेलं नसायला हवं होतं. ताई तशी नव्हती. ताई जुने रिकामे डबेसुद्धा टाकत नसे. तिनं खूण पुन्हा 'माहीत नाही'वर आणली आणि पाचही पानं पाठवून दिली.

तीस दिवस, तिनं कॅलेंडरवर मोजले. पहिले तीन दिवस ती दर तासाला बघायची, आधी इनबॉक्स, मग स्पॅम. स्पॅममध्ये कुणीतरी तिला केस वाढवायचं तेल देत होतं. पुढच्या मंगळवारी तिनं बाईंना सांगून तातडीचे अडीच गुण दीडवर आणले. अंपायर म्हणाला, "सत्तेचाळीस नंबर फारच मनाला लागली वाटतं," आणि ती 'हं' म्हणाली. नियम बदलला तो पुढे येणाऱ्या मेलसाठी. आधी गेलेल्या मेलना तो लागू होत नाही. चौथ्या दिवसापासून तिनं तासाला बघणं सोडलं, दिवसातून दोनदा बघू लागली, आणि सव्विसाव्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून तिनं पुन्हा फोन लावला. अजून चार दिवस होते. तिला मेलचं उत्तर नको होतं. एवढंच सांगायचं होतं, त्या स्पॅममध्ये बघ ना.

तिसऱ्या रिंगला उचलला गेला. "हॅलो?" मामांचा आवाज होता. मामा तिकडे राहायला आले असणार. ताईकडे सगळेच राहायला येतात.

ती काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "कोण बोलतंय? इथे नुसता नंबर आलाय." मग फोन तोंडापासून लांब गेला, आणि त्यांचा आवाज त्या ओळखीच्या घरात, त्या ओळखीच्या भिंतींवर आपटत आत गेला, "अगं ए, कुणाचा तरी नंबर आहे. घेतेस का?"

आतून ताईचा आवाज आला. त्यात राग नव्हता, घाई नव्हती.

"राहू दे मामा. हल्ली असे फार येतात. कंपनीवाले असतात. ठेव."

"ठेवतो," मामा म्हणाले, आणि फोन ठेवायला त्यांना नेहमीसारखा वेळ लागला. त्या वेळात तिला घरातलं बरंच ऐकू आलं. पंखा, वाटीत पडलेला चमचा, मामांचं 'कुठे दाबायचं गं हे', आणि ताईचं, आता अगदी जवळून, "दे इकडे."

मग आवाज बंद झाला. ती वर आली, जागेवर बसली, तपासणीचा प्रोग्रॅम उघडून तिनं त्या पाच पानांपुढची खूण 'माहीत नाही'वरून 'नाही'वर नेली. आकडा हलला नाही. हलणार नव्हता. माहीत नसेल तर नाही धरावं, हा नियम तिनंच बसवला होता.